सगळीकडे एकच एडिटर

कचेरीत नुकतंच लिनक्स आलं होतं आणि त्या नव्या सर्व्हरांनी माझा जीव नकोसा केला होता. एक फाइल उघडावी तर समोर व्हीआय, दुसरी उघडावी तर नॅनो. दोन्ही लिहायचेच एडिटर, पण स्वभाव उत्तर-दक्षिण. नॅनोत जे टाइप कराल ते दिसतं. व्हीआयमध्ये एकेक कळ म्हणजे हुकूम. डी दोनदा दाबला की अख्खी ओळ गायब. हाताला सवय एकाची आणि समोर दुसरा, मग कोण काय पुसून बसेल त्याचा नेम नाही. म्हणून सगळीकडे एकच एडिटर ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

खरं तर ठरवायचं काय होतं त्यात! व्हीआयच, आणि तोच मी सगळीकडे लावलाही. तो मला सरांनी, कचेरीतल्या माझ्या वरिष्ठांनी, शिकवला होता. सर मूळचे नागपूरचे, बदली होऊन जयपूरला आलेले, दुर्गापुऱ्यात राहायचे. मी इथेच वाढलेली, माझं मराठी अर्धं हिंदी. "मतलब काय मतलब? म्हणजे म्हण, बेटा," असं म्हणून हसायचे. त्यांची बोटं कीबोर्डवर चालू लागली की मी हातातलं काम सोडून बघत बसायची.

त्या हिवाळ्यात मात्र ते म्हणायला लागले, "तू टाइप कर, मी सांगतो." मला वाटलं, साहेब झाले, आळशी झाले. तसं चिडवलंसुद्धा. मग एकदा राजा पार्कात चहा घेताना त्यांचा उजवा हात दिसला. ग्लासातला चहा बोटांवर सांडत होता. त्यांनी चटकन ग्लास ठेवला. "थंडी," म्हणाले. उन्हात बसलो होतो आम्ही.

पुढे थोड्याच दिवसांत त्यांच्या हातून डी दोनदा दाबला गेला आणि रोजचा बॅकअप घेणारी ओळ उडाली. लगेच परत आणली त्यांनी, नुकसान काही झालं नाही. पण त्यांचा चेहरा बघवेना.

मी कुणाला न विचारता सगळीकडे नॅनो लावला. नॅनोत हात थरथरला तर एखादं अक्षर जास्तीचं उमटतं, इतकंच; ते खोडता येतं. सरांची निवृत्तीपर्यंतची वर्षं तेवढ्यावर निभली असती. त्यांना सांगितलं, "नव्या पोरांना सोपं जातं ना."

"हो का," एवढंच बोलले. दिवसभर नीट काम केलं. मी मनात म्हटलं, जमलं बाई! संध्याकाळी ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"व्हीआय लाव परत."

"काऊन?" मी मुद्दाम त्यांच्या बोलीत विचारलं, हसावेत म्हणून. हसले नाहीत.

"पोरं उद्या कुठंही गेली तरी व्हीआयच भेटेल त्यांना. माझ्या एका हातासाठी तू अख्खी कचेरी बदलून राहिली. उद्या नॅनोही जमणार नाही, मग काय करशील? मी अर्ज दिला आज. मुदतीआधी निवृत्ती."

मला असा संताप आला! इतके दिवस एका शब्दानं सांगितलं नाही? डॉक्टरला दाखवलं? भांडलेच मी त्यांच्याशी.

"औषध चालू आहे," ते म्हणाले. "तू लाव."

लावला. एकेका सर्व्हरवर, रडत, नाक पुसत. शेवटच्या मशीनपाशी म्हटलं, "हा तुम्ही करा." ते बसले. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि एकेक कळ दाबत व्हीआय लावायची ओळ लिहिली. फार वेळ लागला. एकही चूक झाली नाही.

मग उठून म्हणाले, "आता माझं लॉगिन काढून टाक."

मी नाही म्हटलं. त्यांचं सगळं ऐकलं आजवर, एवढं ऐकलं नाही.