यादीत दोन स्नेहल

सकाळपासून लॅबचं नेट बंद होतं आणि जाधव बाई माझ्या टेबलापाशी उभ्या होत्या. पालीजवळच्या एका शाळेत त्या शिकवतात. त्यांच्या बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट तयार होता. लॅबच्या डॉक्टर मॅडमनी केबिनमध्ये त्यांना सांगितलं होतं. कॅन्सर.

"कागद नको, घरात सापडेल," बाई हळूच म्हणाल्या. "मोबाइलवर द्या. बाहेर मुलगी बसलीय. सोमवारपासून नर्सिंगची शेवटची परीक्षा आहे तिची. ती होईस्तोवर तिला कळता कामा नये."

नेट नसलं तरी कॉम्प्युटरवरून जवळच्या फोनवर फाइल थेट पाठवता येते. आसपासच्या फोनची नावं स्क्रीनवर येतात. आपण एक निवडायचं. समोरच्याने होकार दाबला की फाइल गेली.

"फोनचं नाव काय, बाई?"

"मुलीचाच जुना फोन आहे. तिचंच नाव असेल, स्नेहल."

स्क्रीनवर दोन स्नेहल होत्या. मला दिसल्या. बाहेर गर्दी होती, माझ्या हातात दहा कामं होती. मी वरचं नाव दाबलं. फाइल गेली.

"आली?"

"नाही हो."

काय झालं ते मला तेव्हाच कळलं. तरी तोंडातून निघालं, "सिस्टिम स्लो आहे, बाई." आणि खालच्या नावावर पुन्हा पाठवली.

बाई बाहेर गेल्या. काचेतून मला दिसत होतं. स्नेहल उभी राहिली आणि तिने स्वतःचा फोन आईपुढे धरला. रिपोर्ट वाचायला तिला कोणाची मदत लागणार नव्हती.

मी बाहेर गेलो. "बाई, चूक माझी. दोन नावं होती, मी विचारलं नाही. वर खोटंही बोललो."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "हे तिला मला सांगायचं होतं हो."

मॅडमना मीच जाऊन सांगितलं.

"दोन नावं दिसली होती ना?"

"हो."

"मग?"



स्नेहल परीक्षेला बसली नाही. आईला घेऊन कोल्हापूरला गेली. पेपर तिने पुढच्या खेपेला दिले. बाईंची ट्रीटमेंट झाली, त्या परत शाळेत जातात. बाजारात दिसल्या की अजून मी दुसऱ्या बाजूने जातो.

आता आधी पेशंटचा फोन समोर ठेवून घेतो, फोनचं नाव बदलतो, मगच पाठवतो. अर्धं मिनिट लागतं.