देवाच्या रागाची तालीम

सिंगापुरातल्या आमच्या मराठी प्रार्थना-मंडळीत दर महिन्याला एकेका घरातला कुणीतरी संदेश देतो. बाकीच्यांना बायबलमधली स्तोत्रं आवडतात, मला संदेष्टे, देवाचा निरोप खडसावून सांगणारे. स्तोत्र गोडीत सांगावं लागतं. संदेष्ट्यात गर्जायला मिळतं. त्या खेपेला मी हौसेने मागून घेतलेल्या उताऱ्यात देव इस्राएलकडे, म्हणजे आपल्या लोकांकडे, बापाच्या नजरेने पाहतो: याला मी चालायला शिकवलं, आणि यानेच माझ्याकडे पाठ फिरवली.

पाठ फिरवण्याचं हे प्रकरण तेव्हा आमच्या घरातही चालू होतं. चौदा वर्षांची लेक ग्रुप स्टडी सांगून मैत्रिणींबरोबर मरीन परेडच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंडून आली होती. मी महिनाभरासाठी तिचा फोन कपाटात ठेवला. तिने माझ्याशी बोलणंच बंद केलं. "मम्मी, पप्पांना सांग डाळ इकडे द्यायला." डाळ माझ्या हातात असायची. मी हसून साजरं करायचो, पण ही पोर पुन्हा मोकळेपणाने बोलेल ना, हा विचार पाठ सोडत नसे.

शनिवारी दुपारी बायको बाजारात गेली आणि मी आमच्या यिशुनच्या फ्लॅटमध्ये तालमीला उभा राहिलो. देव म्हणजे मी सोफ्याजवळ, इस्राएल फ्रीजपाशी. उकाड्यामुळे दार सताड उघडं, नुसतं जाळीचं लोखंडी दार ओढलेलं.

"कडेवर घेतलं, घास भरवला," मी फ्रीजवर बोट रोखून गरजलो, "आणि माझ्याशीच खोटं? आता भोग."

जाळीपलीकडे शेजारच्या चिनी आंटी उभ्या होत्या. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण सूर कळला होता.

"यू स्कोल्ड सो लाउड फॉर व्हॉट? गर्ल स्टिल स्मॉल, ला."

तेवढ्यात लेक खोलीतून बाहेर आली. "आंटी, पप्पा नॉट स्कोल्डिंग मी. गॉड स्कोल्डिंग इस्राएल."

आंटींनी फ्रीज नीट न्याहाळला आणि मान हलवत गेल्या. लेक मात्र थांबली.

"मग पुढे? देव टाकून देतो त्याला?"

पुढचा भाग मी तालमीत गाळतच होतो. त्यात गर्जायला काही नाही. सोफ्यावर बसून साध्या आवाजात सांगितला. राग खरा असतो, शिक्षाही चुकत नाही. पण पोराला टाकायची वेळ आली की देवाचंच काळीज गलबलतं. तो माणूस नाही, म्हणून सूड घेत नाही. दूरदेशी गेलेली लेकरं थरथरत परत येतात आणि तो त्यांना पुन्हा त्यांच्या घरात वसवतो.

"म्हणजे फोन देणार?"

"नाही. महिना पुरा होईल."

"पप्पा, यू आर नॉट गॉड, ओके?"

"म्हणून महिन्यावर भागलं. त्याने लोकांना चाळीस वर्षं रानात फिरवलं होतं."

तिने ओठ मिटून हसू दाबलं आणि जाऊन फ्रीजपाशी उभी राहिली.

"चला, पहिल्यापासून म्हणा," ती म्हणाली. "आणि ते चालायला शिकवायचं आहे ना, ते जरा सावकाश घ्या."