पडला नाही, पाडला

आमच्या मालकिणीला आपोआप काही झालेलं चालत नसे. कप फुटला म्हणालो की आतून आवाज, "फुटला न्हाई, तुम्ही फोडला." दूध उतू गेलं नाही, ते मी घालवलं. एकदा म्हणालो, केस गळाले माझे. तर म्हणे, "त्येबी तुम्हीच गाळलं, नुसता वैताग करून." मालकीण म्हणजे माझी बायको. शिक्रापुरात आमच्या बारा खोल्या, सगळ्यांत कंपनीतले कामगार. ते तिला मालकीण म्हणायचे, मग मीही म्हणायला लागलो. मला मालक कुणीच म्हणत नसे.

टाकीचं पाणी सांडून जिन्यावर शेवाळ धरलं होतं. ती रोज म्हणायची, घासून घ्या. मी रोज म्हणायचो, उद्या. एका सकाळी रामदुलार, बिहारचा, चाळिशीचा गडी, ड्युटीला निघाला आणि पाच पायऱ्या एकदम उतरला. पायाचं हाड मोडलं.

मी म्हणालो, "बघून चालाया नको व्हय?" शेजारचे आप्पा म्हणाले, "गप ऱ्हावा. कबूल केलं की केस व्हती, खोल्या जात्यात." मी घाबरलो. मालकीण मात्र पदर खोचून दवाखान्यात, मागोमाग मी. डॉक्टर कागद भरत होता. कैसे गिरा? रामदुलार तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "गिरा नहीं. हमने गिराया."

डॉक्टरनं पेन थांबवलं आणि पोलीस बोलावला. पोलिसानं मला कोपऱ्यात घेतलं, "का ढकललं ओ आबा?" शेवाळापर्यंत यायला अर्धा तास गेला. तेव्हा मालकीण म्हणाली, "लिवा सायेब. जिना आमचा, घासायचं काम ह्यांचं."

"आजी, असं कुणी आपणहून सांगत नसतंय."

"मग पाय कुणी मोडला, जिन्यानं?"

रामदुलारनं केस केलीच नाही. मग शिक्षा तिनंच ठरवली, आणि भोगली मी. दोन महिने तो आमच्या पलंगावर, मी खाली सतरंजीवर. त्याला मऊ भात, मला खराटा. हाड जुळलं, पण जरा वाकडंच. तो लंगडत कामावर निघाला की ती दारातून आत निघून जायची. त्या दिवशी माझ्याशी बोलायची नाही.

यंदा तिच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नाकात नळी, हातात सुई. दुपारी रामदुलार भेटायला आला.

"पाय कसा हाय रे?"

"एकदम ठीक, अम्मा." आणि दात आवळून त्यानं दारापासून खिडकीपर्यंत सरळ चालून दाखवलं. जराही लंगडला नाही. ती हसली. मग मला खुणेनं जवळ बोलावलं.

"खोटं चालतोय त्यो. लई दुखत असंल. तुम्ही धरून घरी सोडून या."

इथं मरायला टेकलीय आणि काळजी भाडेकरूची. मी कुरकुरत गेलो. त्याला रिक्षात घातला, खोलीवर नेऊन बसवला, पाणी दिलं. परत आलो तर नर्स पलंगावरची चादर बदलत होती.