अक्काच्या डब्यात काय होतं?

जुने चार्जर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कसे साठतात, कुणाला कळत नाही. कुणी मुद्दाम ठेवत नाही आणि टाकवतही नाहीत. माझ्याकडचे किस्से तसेच साठलेत. चेन्नईत, गिंडीतल्या एका कंपनीत मी कम्प्युटर सांभाळतो. आम्ही गाड्यांचे ब्रेक पाइप बनवतो. हेल्पडेस्क म्हणून जो विभाग आहे, तो म्हणजे मी एकटा. त्यामुळे ‘तुमच्या मशीनमध्ये व्हायरस शिरलाय, मी टेक सपोर्टमधून बोलतोय’ असं सांगणारे भामटे जेव्हा जेव्हा आमच्याकडे फोन करतात, तेव्हा तेव्हा शेवटी बोंब माझ्याच नावानं होते!

आणि गंमत म्हणून हसून सोडावं, अशीही सोय नाही. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं, म्हणजे पुण्याच्या एका कंपनीनं स्पष्ट बजावलंय: बाहेरचा एक जरी माणूस तुमच्या कम्प्युटरमध्ये शिरला, तर आमची ड्रॉइंग्ज बंद, काम बंद. एमडी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून त्याचं साध्या भाषेत भाषांतर केलं.

“प्रसाद, ड्रॉइंग्ज गेली तर पहिला तू जाणार.”

*

तर पहिला मासा कोण गळाला लागावा? स्वतः एमडी साहेब!

त्यांच्या स्क्रीनवर लाल पाटी आली: ‘तुमचा कम्प्युटर धोक्यात आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ दीडदमडीची पाटी, त्यात स्पेलिंगच्या चुका. पण साहेबांनी ताबडतोब फोन केला. पलीकडे कुणी ‘स्टीव्ह’ होता. या स्टीव्हच्या मागे प्रेशर कुकरची शिट्टी वाजत होती, तरी साहेबांना काही वाटलं नाही.

मी कसल्याशा सहीसाठी आत गेलो, तर आमचे साहेब, ज्यांच्या डरकाळीनं शॉप फ्लोअर हादरतं, ते खुर्चीत अंग चोरून म्हणत होते, “येस सर. क्लिक केलं सर.”

मी धावत जाऊन नेटवर्कची केबल उपटली. साहेब माझ्यावरच उखडले.

“किती पोलाइट होता तो! तू कधी बोलतोस माझ्याशी असं?”

*

आमच्या रिसेप्शनला सेल्वी आहे. भामट्यांना वाटतं, रिसेप्शनची बाई म्हणजे सोपं काम. एकानं हिंदीत सुरुवात केली. सेल्वी म्हणाली, “हिंदी तेरियादु.” म्हणजे येत नाही. खरं तर तिला व्यवस्थित येते. नको असलेल्या माणसासमोर मात्र ती तिला येईनाशी होते.

मग तो इंग्रजीत म्हणाला, “मॅडम, तुमचा कम्प्युटर दुरुस्त करायचाय. थोडा चार्ज पडेल.”

चार्ज म्हटल्याबरोबर सेल्वीनं फोन परचेसला दिला. कायद्यानं बरोबरच केलं म्हणा, कारण आमच्याकडे पैशाचं काहीही परचेसला जातं. आणि परचेसच्या प्रमुख आहेत अंबुजा अक्का.

अक्का तंजावरच्या मराठी घरातल्या. मैलापूरला राहतात. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे गेल्यानं त्यांच्या मराठीला तमिळचा हेल आहे, आणि सप्लायर लोक त्यांच्या नावानं अजून चळाचळा कापतात. अक्कांनी त्या भामट्याला नेहमीसारखंच घेतलं. “कोटेशन पाठवा. जीएसटी नंबर काय? आधी काम केलेल्या दोन कंपन्यांची नावं सांगा. आणि ॲडव्हान्स मिळणार नाही.”

तो गयावया करत होता, “मॅडम, व्हायरस पसरतोय!”

“पसरू दे. तीन कोटेशनं आल्याशिवाय ऑर्डर निघत नाही.”

फोन त्यानंच ठेवला. चोराला कंटाळा आणणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली!

*

पण खरा घोटाळा झाला तो मराठीमुळे.

डिझाइनमधला ओंकार सांगलीचा. चेन्नईत येऊन मराठीला इतका वखवखलाय की मेट्रोत कुणी “अरे” म्हणालं तरी वळून बघतो. आणि याच्याच मशीनवर पुण्याची सगळी ड्रॉइंग्ज!

एकदा त्याच्या टेबलापाशी गेलो तर स्वारी फोनवर खिदळत होती. भडंग कुणाचं चांगलं, यावर चर्चा रंगली होती. समोर स्क्रीनवर एक कोड आला होता. तो पलीकडच्याला वाचून दाखवला की आमच्या कम्प्युटरचं दार सताड उघडं!

“कोण आहे?” मी विचारलं.

“सपोर्टवाला. आपल्या वाळव्याचाय!”

“गाढवा, चोर आहे तो!”

ओंकारनं फोनवर हात ठेवला आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाला, “असंल की चोर. पण आपल्याकडचाय!”

कोड मी पुसला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझी नोकरी एका भडंगाच्या पुडीवर टांगलेली होती, हे कळल्यावर कुणाला जाईल?

*

त्याच दुपारी अक्कांनी नियम काढला.

आम्ही जेवायला एकत्र बसतो. अक्कांचा मोठा स्टीलचा डबा मधोमध असतो आणि सगळे त्यातलं घेतात. अक्का चिंच सढळ हातानं घालतात. मी नाशिकचा, मला आमटीत गूळ लागतो. त्यामुळे रोज पहिला घास घेतला की मी म्हणतो, “अक्का, आंबट झालंय.” आणि अक्का रोज म्हणतात, “पो रे, जा! गुळात बुडालेला माणूस तू.” आमची ही दुपारची प्रार्थनाच आहे.

“कम्प्युटरसाठी कोणाचाही फोन आला ना,” अक्का म्हणाल्या, “तर विचारायचं, आज अक्काच्या डब्यात काय होतं? आमचा माणूस असला तर सांगेल. नाही तर चोर.”

पासवर्डवर मी केलेली सगळी भाषणं वाया गेली होती. हा नियम मात्र सगळ्यांनी त्याच दिवशी पाठ केला. एमडी साहेबांनीसुद्धा! फक्त ते जेवायला घरी जातात. त्यामुळे मी फोन केला की ते मला प्रश्न विचारतात, मी उत्तर देतो, आणि ते म्हणतात, “थांब, अक्कांना विचारून सांगतो.”

पुढच्याच भामट्याला सेल्वीनं विचारलं, आज डब्यात काय होतं? त्यानं हुशारी केली. म्हणाला, “बिर्याणी!”

अक्काच्या डब्यात बिर्याणी, आणि तीही अमावास्येला! सेल्वीनं त्याला तमिळमध्ये असं काही धुतलं की कुरियरवाला सही न घेताच निघून गेला.

*

आणि मग त्या पुण्याच्या गिऱ्हाइकाकडचे साहेब आले. आम्ही किती सावध आहोत, ते तपासायला.

जेवणाच्या वेळी आमच्यातच बसले. त्या दिवशी डब्यात चिंचेचा भात होता आणि दह्यातली डांगराची पचडी. भात इतका आंबट की पहिल्याच घासाला साहेबांचे डोळे मिटले. पण माणूस सभ्य, निमूटपणे खात राहिला. समोर अस्सल मराठी माणूस बघून ओंकार मात्र पाघळला. आमचा तो नियम, तो प्रश्न, सगळं त्यानं कौतुकानं सांगून टाकलं! मी टेबलाखालून लाथ मारली, ती सेल्वीला लागली.

जेवणानंतर साहेबांनी मला कॉन्फरन्स रूममध्ये नेलं आणि दार लावलं. म्हणाले, “एकच फोन करणार. तुमच्या त्या अक्कांना. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही.” फोन स्पीकरवर टाकला आणि स्वतःचा आवाज बारीक केला.

“अक्का, नमस्कार. मी प्रसादसरांचा नवा असिस्टंट. तुमच्या स्क्रीनवर आत्ता एक कोड येईल.”

“हो का? आज माझ्या डब्यात काय होतं, सांग बघू.”

साहेबांनी माझ्याकडे पाहून मिस्किल हसत सांगितलं, “चिंचेचा भात. आणि डांगराची पचडी.”

“सरि. बरोबर,” अक्का म्हणाल्या.

संपलं. घरी बायकोला काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव सुरू केली.

“भात कसा झाला होता रे?” अक्कांनी विचारलं.

“उत्तम, अक्का! असा भात मी कधी खाल्ला नव्हता.”

खाडकन फोन बंद. साहेबांनी पुन्हा लावला, तर एंगेज. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. अक्का! साहेबांनी खूण केली, स्पीकरवर घ्या.

“प्रसाद, जपून रे! एक चोर तुझं नाव सांगून फोन करतोय. डबासुद्धा बरोबर सांगितला त्यानं!”

“मग अक्का, चोर कशावरून?”

“भात चांगला झाला म्हणाला!”