सातावरून एकावर

महिन्यावर आलेल्या स्वतःच्या लग्नासाठी लेकानं हौसेनं जुन्या पद्धतीचा रेझर आणला. त्याच्या दांड्यावर आकड्यांची चकती आहे. ती फिरवली की पातं कमीजास्त उघडतं. त्यानं ती कट् कट् फिरवली आणि मी उदगीरच्या आमच्या परसात जाऊन पोचले.

माझ्या हळदीची सकाळ होती. खांबावरच्या आरशापुढं बाबा दाढी करत होते. साबणाचा लिंबासारखा वास सुटला होता. बाबांची दाढी लई राठ, त्यामुळं चकती कायम सातावर असायची. त्या दिवशी त्यांनी ती हळूहळू एकावर आणली.

"आज एकावर का हो, बाबा?"

"लेकीच्या लग्नात गाल कापलेला बरा दिसतो का, बाई?" म्हणत त्यांनी उजवा हात पंच्याखाली घेतला.

मला ती त्यांची हौस वाटली. लग्नानंतर दोन महिन्यांनी आम्हाला त्यांचा कंपवात कळला. त्यांना तो आधीच कळला होता.

इकडं माझ्या हातातला कप बशीवर वाजायला लागला.

"आई, हात का थरथरून राहिला तुझा?"

"काही न्हाई रे. चहा गरम हाय," म्हणत मी कप खाली ठेवला आणि हात पदराखाली घेतला.