कुमुदआत्या आणि सात देशांचं टेबल

फोन आला तेव्हा मी ग्वाल्हेरला थाटीपूरच्या घरी चहा घेत होतो. दौलतगंजात आत्या राहायची त्या माडीखाली कपड्यांचं दुकान आहे, तिथल्या दुकानदाराचा फोन. "विनयबाबू, बुआजी दरवाज़ा नहीं खोल रही हैं. दूधवाला दो बार आकर लौट गया." मी स्कूटर काढली. थाटीपूर ते दौलतगंज एरवी वीस मिनिटं लागतात, त्या दिवशी किती लागली ते आठवत नाही. दुसरी किल्ली माझ्याकडेच असायची. आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत होती, मांडीवर शाल, चष्मा डोळ्यांवर. बसल्या बसल्या गेली. ऐंशीला दोन महिने कमी होते... दुकानदार माझ्या मागे जिना चढून आला होता. त्यानेच हळूच तिचा चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बड़ी अच्छी मौत पाई." मी मान हलवली. पण आत्याला चांगलं जगणं किती मिळालं आणि त्यातलं किती माझ्यामुळे हुकलं, याचा हिशेब मी त्या क्षणापासून करतो आहे, आणि दीड महिना झाला तरी तो संपत नाही.

कुमुदआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचे पूर्वज दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले ते दरबारात पत्रव्यवहार सांभाळायला. पुढे दरबार गेला, पत्रं गेली, घरात मास्तर आणि वकील झाले. आत्या मात्र बाविसाव्या वर्षी दिल्लीला गेली आणि एका मंत्रालयात स्टेनो म्हणून लागली. "खानदानी धंदा मीच चालवते हो," असं ती हसत म्हणायची, "ते राजाची पत्रं लिहायचे, मी साहेबांची लिहिते." लग्न तिने केलं नाही. का, ते आमच्या घरात कोणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. दर दिवाळीला ती यायची, तेव्हा तिच्या पर्समध्ये आम्हा मुलांसाठी परदेशी टॉफ्या असत. त्या टॉफ्या कुठून येतात याचं कोडं सुटायला मला कॉलेजात जावं लागलं. दक्षिण आशियातल्या शेजारी देशांनी तेव्हा एक संघटना उभी केली होती. शेती, हवामान, टपाल, रोगराई अशा विषयांवर तिच्या समित्या भरत. कधी काठमांडूला, कधी ढाक्याला, कधी कोलंबोला. आपल्या प्रतिनिधी मंडळाबरोबर एक स्टेनो जाई, आणि बरीच वर्षं ती स्टेनो आत्या होती.

त्या बैठकांबद्दल ती फार रंगून बोलायची. पेपरात येतं ते वेगळं आणि प्रत्यक्ष टेबलाभोवती घडतं ते वेगळं, हे मला तिच्याकडून कळलं. तेव्हा सात देश होते, आठवा पुढे आला. दोन देशांमधली भांडणं त्या टेबलावर आणायची नाहीत, असा नियमच होता. आणि कुठलाही निर्णय सगळ्यांच्या होकाराशिवाय नाही. "म्हणजे असं बघ विनू," ती सांगायची, "सात जावा एका स्वैपाकघरात. एकीने नाक मुरडलं की भाजी बदला. आणि मोठ्या जावेनं आवाज चढवला की बाकीच्या सहाजणी गप. मोठी जाऊ कोण, तर आपण!" भाताच्या बियाण्यांची देवाणघेवाण करावी की नाही यावर एकदा अख्खी दुपार गेली. समिती 'शिफारस करते' लिहायचं की समिती 'नोंद घेते', एवढाच वाद. साहेब लोक चहाला उठले आणि मागे उरल्या दोन बायका, आपली आत्या आणि पाकिस्तानच्या मंडळाची स्टेनो, झकिया. दोघींनी मिळून एक तिसरंच वाक्य लिहिलं, टाइप केलं आणि दोन्ही साहेबांच्या पुढे ठेवलं. दोघांनाही ते आपलंच वाटलं. ही गोष्ट सांगताना आत्या टाळी देण्यासाठी हात पुढे करायची...

झकियाशी तिची खरी गट्टी जमली ती गजकेमुळे. थंडीचे दिवस होते, काठमांडूला निघताना आत्याने ग्वाल्हेरची गजक, तीळगुळाची ती कुरकुरीत मिठाई, बरोबर घेतली होती. झकियाने एक तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "ये कहाँ की है?" आत्याने गावाचं नाव सांगितलं, तशी ती बाई बघतच राहिली. तिची आई ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातली निघाली. टोपी बाजारात तिच्या आजोबांचं दुकान होतं; फाळणीत सगळे कराचीला गेले तेव्हा आई सोळा-सतरा वर्षांची होती. आईने मुलीला लहानपणी गजकेबद्दल इतकं सांगितलं होतं, की मुलीने न पाहिलेली वस्तू चवीवरून ओळखली. त्या दिवसापासून दर बैठकीला आत्याच्या सामानात गजकेचा एक जादा डबा असे आणि परत येताना त्यात कराचीचा हलवा. आमच्या घरात यावर चेष्टा चालायची. वडील म्हणत, "तुमच्या संघटनेनं आजवर एवढं एकच काम तडीस नेलं, गजक आणि हलवा." आत्या चिडायची नाही. म्हणायची, "दादा, एवढं तरी झालं ना? तुम्ही शेजारच्या घराशी वीस साल बोलत नाही."

निवृत्त होऊन ती ग्वाल्हेरला परतली, दौलतगंजात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मी तेव्हा राज्य सरकारच्या नोकरीत अभियंता होतो, राजपत्रित अधिकारी, थाटीपूरला सरकारी क्वार्टर, पोरं शाळेत जाणारी. त्या काळात दोन देशांचं जरा बरं चाललं होतं. एका रविवारी आत्या रिक्षाने आमच्याकडे आली, हातात कागद. झकियाच्या आईला ऐंशी पूर्ण झाली होती. तिला एकदा, फक्त एकदा, ग्वाल्हेर बघायचं होतं. व्हिसासाठी इथल्या यजमानाचं हमीपत्र लागतं आणि त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. यजमान आत्या. सही मी करायची, एवढंच काम.

"दोघी माझ्याकडेच उतरतील," ती म्हणाली. "जिना आहे, पण मी खुर्चीवरून उचलून न्यायची व्यवस्था करते. तू फक्त साइन कर."

मी कागद घेतला. "बघतो आत्या," म्हणालो.

"बघतो काय त्याच्यात? पेन देऊ?"

"सरकारी नोकरी आहे. पाकिस्तानचा मामला म्हणजे... साहेबांना विचारायला हवं."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "विचार बाबा. पण जल्दी विचार. म्हाताऱ्या माणसाचं काम आहे."

मी साहेबांना विचारलं नाही. तो कागद मी टेबलाच्या खणात ठेवला. रोज ऑफिसला जाताना तो आठवायचा आणि रोज मी स्वतःला सांगायचो की उद्या. मला खरंच भीती वाटत होती. उद्या काही झालं तर चौकशी लागेल, बढती अडकेल, क्वार्टरवर पोलीस येतील, शेजारी काय म्हणतील. त्या दोन म्हाताऱ्या बायका काय करणार होत्या, हे मला कळत नव्हतं असं नाही. तरीही. दोन महिन्यांनी आत्याने पुन्हा विचारलं तेव्हा मी सरळ खोटं बोललो. "साहेबांनी मना केलं, आत्या. मी खूप सांगून पाहिलं." ती म्हणाली, "अच्छा," आणि माझ्या बायकोला पोह्यांत आज लिंबू कमी पडलं का, असं विचारलं.

पुढच्या काही महिन्यांत वातावरण फिरलं. व्हिसाचं काम जवळजवळ थांबलं. वर्षभरात झकियाची आई गेली. आत्याने फोनवर मला एवढंच सांगितलं, "झकियाची अम्मी वारली रे." मी म्हणालो, "अरेरे." त्यानंतर तो विषय आमच्यात निघाला नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझे ते साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात समोसा खाता खाता ते सहज बोलून गेले, "तुम्हारी बुआजी एक बार दफ़्तर आई थीं, किसी फ़ॉर्म के लिए. मैंने कहा, विनय तो मेरे पास कुछ लाया ही नहीं. बस, इतना सुनकर उठ गईं. चाय भी नहीं पी." म्हणजे तिला माहीत होतं. इतकी वर्षं तिला माहीत होतं, आणि दर भाऊबीजेला ती माझ्या वडिलांबरोबर मलाही ओवाळत होती, माझ्या मुलीला इंग्रजी निबंध शिकवत होती, मला आवडतो म्हणून गाजर हलवा करून डबा पाठवत होती. त्याच संध्याकाळी जाऊन तिच्या पायावर डोकं ठेवावं असं मनात आलं. गेलोही. ती टीव्हीवर बातम्या बघत होती. शेजारी देशांची शिखर बैठक या वर्षीही होणार नाही, असं काहीतरी चाललं होतं. ती म्हणाली, "आता टेबलच लावत नाहीत रे. भांडायला तरी बसायला पाहिजे ना एकत्र?" मी चहा प्यायलो आणि परत आलो. सांगायचं राहिलं... नाही, राहिलं नाही. मी सांगितलं नाही.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी दुपारी तिचा मोबाइल वाजला. पडद्यावर नाव होतं, झकिया. मी त्यांच्याशी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मी नाव सांगितलं आणि बातमी दिली. अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "आप विनय हैं? कुमुद आपकी बहुत बात करती थी." मग रडल्या. मग थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, बोलत राहिल्या. आईच्या वेळेला त्या आत्यावर फार रागावल्या होत्या. अम्मी गेल्याचं कळवल्यावर तीन वर्षं तिच्या एकाही पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. "उसने लिखा था कि मैं डर गई, झकिया. मेरी हिम्मत नहीं हुई. मैंने सोचा, इतने साल साथ काम किया, और ये डर गई? अम्मी आख़िर तक पूछती रहीं, काग़ज़ आया?" पुढे दोघींच्या हातात मोबाइल आले, त्या पुन्हा बोलू लागल्या, पण पहिल्यासारखं झालं नाही असं त्यांनीच सांगितलं. "एक गाँठ रह गई थी," त्या म्हणाल्या.

मी पलंगावर बसलो होतो. त्या क्षणी गप्प राहणं किती सोपं होतं! बोलणारी गेली होती, ऐकणारी हजार मैलांवर होती. पण आत्याने माझी भीती आपल्या नावावर लिहून घेतली, त्यापायी आपली एकुलती मैत्रीण तीन वर्षं गमावली आणि मला कळूही दिलं नाही, हे ऐकल्यावर माझ्याने राहवेना. मी त्यांना सगळं सांगितलं. खणातला कागद, साहेबांच्या नावाने बोललेलं खोटं, सगळं. "वो नहीं डरी थीं. मैं डरा था."

फोन बंद झाला. तो त्यांनी ठेवला की लाइन तुटली, कळायला मार्ग नाही. आठवडाभर काही नाही. त्या फोननंतर नवव्या दिवशी त्यांचा आवाजाचा संदेश आला. शेवटच्या दिवसांत कुमुद जेवत होती का, गुडघे फार दुखत होते का, तिच्याजवळ कोणी होतं का, एवढंच विचारलं होतं. मी जे होतं ते कळवलं. जवळ कोणी नव्हतं, हेही कळवलं. त्यांनी मला माफ केलं असं म्हटलं नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. माफी ज्यांच्याकडे मागायची त्या दोघी आता नाहीत. एक कराचीत पुरली गेली आणि दुसरीची रक्षा मी माझ्या हाताने सोडली.

या महिनाअखेर दौलतगंजच्या खोल्या रिकाम्या करून द्यायच्या आहेत. परवा तिथली आवराआवर करताना उशीखाली एक छोटी वही सापडली. सगळी शॉर्टहँडमध्ये, नुसत्या बारीक रेघा आणि ठिपके. दिल्ली सुटून वीस वर्षं झाली तरी ती स्वतःपुरतं असंच लिहायची, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात ती लिपी वाचणारं कोणी नाही. ग्वाल्हेरात असेल कोणी, पण मला एकच माणूस माहीत होतं. मी बराच वेळ विचार केला आणि वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो झकियाजींना पाठवला.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, पुन्हा आवाजाचा संदेश. "बेटा, शॉर्टहँड जिसकी होती है, उसी की होती है," त्या म्हणत होत्या. "पहले मैं उसकी पूरी कॉपी पढ़ लेती थी. अब आँखें भी गईं और उसका हाथ भी बदल गया था. 'दूध' लिखा है. 'गुरुवार' लिखा है. और आपका नाम है, दो जगह. नाम के आगे भी कुछ लिखा है..." त्यांच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत राहिला. "नहीं, वो पढ़ा नहीं जा रहा."