पाय मातीला लागेपर्यंत

सत्तरच्या दशकात वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका वाडीत मी बालवाडी चालवायचे. मूळची मी भोरची, आणि स्वभावानं तापट. पोरांना ते लवकर कळलं, त्यांच्या आयांना त्याहून लवकर.

एक बाई रोज मुलीला कडेवर घेऊन यायची आणि कडेवरच घेऊन उभी राहायची. मुलगी तीन वर्षांची, पण उभी राहत नव्हती, बोलणंही ‘आय’च्या पुढं गेलं नव्हतं. मी म्हणायचे, सोड तिला खाली, पोरांत बसू दे. बाई ऐकल्यासारखं करायची आणि मुलीला दुसऱ्या कडेवर घ्यायची.

शेवटी मीच दोघींना एसटीनं भोरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मुलीचे पाय वाकवून, ताणून पाहिले. म्हणाल्या, पोटाला कमी पडलंय आणि पायांवर कधी भारच आलेला नाही. रोज धरून उभी करा, दूध द्या, अंडी द्या. उशीर झालाच आहे, आणखी केलात तर ही कधीच चालायची नाही.

दूध-अंडी सांगायला काय जातं! त्या घरी दोन वेळा नाचणीची आंबील मिळाली तरी पुष्कळ. नवरा पुण्याला हमाली करायचा आणि सणावारीच दिसायचा. पण पोरीला उभं करणं तरी हातातलं होतं.

ते मी बाईला गोडीनं सांगितलं, मग ओरडून सांगितलं. घरी गेलं की मुलगी झोळीत, नाहीतर सासूच्या मांडीवर. जमीन स्वच्छ सारवलेली आणि पोर अधांतरी. एकदा मी मुलीला सरळ तिच्या कडेवरून घेतलं आणि अंगणात उभं करायला वाकले. बाईनं माझं मनगट धरलं.

“बाई, माजी दोन ह्याच मातीत पुरल्यात. हिला न्हाई म्या खाली ठेवायची.”

तिची दोन मुलं गेल्याचं मला ठाऊक होतं. लहान मूल जाळत नाहीत, पुरतात, हेही काही नवीन नव्हतं. पण ती जमिनीकडं कशी बघत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी मुलगी परत दिली. जीव मात्र जळत राहिला, कारण पाय काड्यांसारखे वाळत चालले होते.

भाताची लावणी सुरू झाली. दिवसभर चिखलात वाकून बाईची पाठ धरली. एका संध्याकाळी गेले तर ती घरात पालथी पडून कण्हत होती. आमच्याकडं अशा वेळी घरातलं पोर पाठीवर चढून पाठ तुडवतं. मी वैतागूनच म्हटलं, मातीवर नको ना, मग तुझ्या पाठीवर तरी उभी राहू दे. वाटलं, चिडेल. ती म्हणाली, द्या.

तेव्हापासून मी मुलीला काखेत धरायचे आणि ती आईच्या पाठीवर उभी राहायची. आधी पाय नुसते लोंबायचे. मग मांड्या थरथरायला लागल्या, मग टाचा टेकल्या. दिवाळी उलटली तेव्हा ती भिंतीला धरून आईच्या कमरेपासून खांद्यापर्यंत जायची, उजवा पाय ओढत. तो पाय पुढंही तसाच राहिला. हे वर्षभर आधी सुरू व्हायला हवं होतं, याचा राग मला अजून येतो.

मग एका दुपारी मुलगी पाठीवरून उतरली. कुणी उतरवलं नाही. एक पाय जमिनीवर, मग दुसरा, आणि भिंत धरून दाराकडं निघाली. पाठ हलकी झाल्याचं आईला कळलं. तिनं मान वळवली नाही.

“कुटं हाय ती?”

दाराशी आहे, धरू का, असं मी विचारलं. तेवढ्यात मुलगी उंबऱ्याशी आपटली. आईचं सगळं अंग आक्रसलं. दोन्ही मुठी जमिनीवर दाबून ती तशीच पडून राहिली.

“नगा धरू,” ती म्हणाली. “उठती का, तेवढं बघा.”